पार्टिशनपलीकडची जहाजं

८ मार्च १९९९
पुन्हा बुडाले! धारूरात बसून समुद्र — आमच्यापैकी कुणी पाहिलेलाही नाही. परीक्षांमुळे दुपारी क्लासला पोरं नसतात, तेव्हा आम्ही दोघं कॉम्प्युटरवर शिडाच्या जहाजांची लढाई खेळतो. रवि पार्टिशनपलीकडे ऑफिसात, मी अलीकडे, मधे वायर. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, इथे लिहिते.) मी सरळ त्याच्या अंगावर जाते. तो जहाज आडवं करतो, त्या बाजूच्या सगळ्या तोफा एकदम सोडतो. खेळ खलास.

१० मार्च
मामंजी, म्हणजे रविचे अप्पा, क्लासात कूलरपुढे येऊन बसले. रविनं कापडदुकानात बसायला नकार देऊन हा क्लास काढला, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. सगळे निरोप माझ्यामार्फत — ‘त्याला सांग’, ‘त्यांना सांग’.
माझं जहाज बुडताना बघत होते. हळूच म्हणाले, “वारा कुठून हाय, बघितलं का?”
नव्हतं बघितलं.

११ मार्च
वारा पाठीशी ठेवला. रविला वाऱ्याविरुद्ध यावं लागलं — किती हळू! तरी हरले, पण उशिरा. मामंजींचं मत, आधी शिडांवर मारायचं. कापड फाटलं की जहाज जागचं हलत नाही. शेवटी कापडवालेच!

१५ मार्च
आज माउस मामंजींनीच धरला. मी शेजारी, तोंडाला पदर लावून. रविची शिडं फाडली, मग सावकाश वळसा घालून त्याच्या जहाजामागे गेले. तिथे तोफा फारशा नसतात. जिंकले!
पलीकडून रवि म्हणाला, “लई शिकलीस की.”
मामंजींनी मला गप्प राहायची खूण केली. गालात हसत होते. किती दिवसांनी.

१६ मार्च
लाईट नाही. बापलेक दोघंही उगाच चिडलेले.

२२ मार्च
आता रोज मामंजीच खेळतात, मी चहा करते. कधी ते जिंकतात, कधी रवि. मला मात्र धाकधूक. रविला कळलं तर उठून जाईल. मग मामंजी पुन्हा इकडे फिरकायचे नाहीत. सांगावं का? नको.

२४ मार्च
मामंजींना ताप, वर झोपलेत. रविला मी सांगितलं नाही, गुपचूप मीच खेळायला बसले. थोड्याच वेळात त्याचं जहाज थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. पार्टिशनच्या कडेला येऊन उभा राहिला.
“अप्पा कावून न्हाई आले आज?”