प्रणवच्या गाडीचं तेल

फुजैरा,
शुक्रवार, ८ फेब्रुवारी २००२

प्रिय मिथुन यास आत्मारामकाकाचे आशीर्वाद.

तू बरा असशील. शारजात तुझ्या हमरियाच्या ऑफिसात फोन केला की तू साइटवर असतोस, म्हणून लिहितो आहे. मराठी वाचायला वेळ लागला तरी वाच. इथली थंडी संपत आली. मीनाक्षीकाकूचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. बंदरातल्या तेलाच्या टर्मिनलवरची माझी नोकरी या महिनाअखेर संपते. मग व्हिसा खलास. आम्ही कायमचे साताऱ्याला जातो आहोत.

काम एवढंच, की प्रणवच्या गाडीत कुठलं तेल घालायचं ते कळव. गाडी विकायची आहे. खोरफक्कानचे एक गृहस्थ घेतो म्हणतात, पण इंजिन चालू करून दाखवा म्हणतात. आणि इंजिनात तेलाचा थेंब नाही. प्रणवने जूनमध्ये जुनं तेल काढलं, तेव्हापासून गाडी बिल्डिंगच्या मागे कव्हर घालून तशीच उभी आहे.

इद्रीसच्या गॅरेजमध्ये विचारलं. त्याने तीन डबे पुढे ठेवले आणि म्हणाला, "अंकल, कोई भी डाल दो. बेचनी ही तो है." मी एकेक डबा हातात घेतला आणि परत ठेवला.

प्रणवने मला एकदा समजावलं होतं. डब्यावरचा पहिला आकडा थंड इंजिनाचा, दुसरा तापलेल्याचा. टर्बोची गाडी, तिला ताणून चालवायची, त्यात इथलं ऊन. पातळ तेल टिकत नाही. "इथे थंडी आहेच कुठे, बाबा? सेकंड नंबर बघा." तो दुसरा आकडा चाळीस की पन्नास, ते मला आठवत नाही. इतकी वर्षं जहाजांच्या तेलाचे कागद केले, घरच्या गाडीचं लक्षात ठेवलं नाही.

तुला माहीत असणार, कारण ते तूच आणणार होतास.

जूनमधल्या त्या गुरुवारी संध्याकाळी तू शारजाहून आलास, तेव्हा मी जिन्यातच होतो. तू तेल आणणार म्हणून प्रणवने दुपारीच जुनं काढून ठेवलं होतं. तू म्हणालास, "सॉरी यार, आय फरगॉट." मी म्हटलं, पंपावरून एक डबा आणून देतो. तो हसला. "बाबा, धिस इज नॉट युवर पिकअप. नो ऑइल, नो ड्राइव्ह." शुक्रवारी तुम्ही डोंगरातल्या रस्त्याने मसाफीला जाणार होतात, ते रद्द झालं. सकाळी काकूने पोहे केले. ते खाऊन तुम्ही दोघं टॉवेल घेऊन चालत समुद्रावर गेलात.

पुढचं लिहीत नाही.

तू तेराव्याला आला नाहीस. काकू म्हणत होती, "त्याला बोलवा. एकटाच बाहेर आला तो पाण्यातून, त्याला काय होत असेल." मी बोलावलं नाही. तुझ्यावर राग नाही, असं या पत्रात लिहायचं ठरवून बसलो होतो. दोन कागद फाडले. विसरणं हा काही गुन्हा नाही, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

तेवढं तेलाचं कळव. त्याने ज्या तेलासाठी गाडी रिकामी ठेवली, ते सोडून दुसरं ओतायला माझा हात होत नाही.

काकूचे आशीर्वाद.

आत्मारामकाका


फुजैरा,
शुक्रवार, २२ फेब्रुवारी २००२

प्रिय मिथुन,

तू पाठवलेले डबे तुमच्या कंपनीचे ड्रायव्हर अलीमियाँ देऊन गेले. आत चिठ्ठी नव्हती. पंधरा-पन्नास. बघितल्याबरोबर आठवलं.

अलीमियाँ म्हणाले, "ये तो मिथुन साब की डिक्की में गर्मियों से पड़े हैं. किसी को हाथ नहीं लगाने देते." तू ते नंतर घेतलंस, की त्या दिवशीही डिक्कीत होतं आणि विसरलास, हे मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

इद्रीसने नवी बॅटरी लावली, तेल भरलं, आधी इंजिन हाताने फिरवून घेतलं. मग म्हणाला, "अंकल, आप स्टार्ट करो." सीट प्रणवच्या मापाने मागे सरकवलेली होती, माझे पाय नीट पोहोचत नव्हते. किल्ली फिरवली. जरा अडखळून इंजिन सुरू झालं. आवाज तोच. कुठे खरखर नाही.

गाडी चालू करणार, हे काकूला सांगायचं राहून गेलं होतं. ती वर भात लावत होती. पूर्वी संध्याकाळी हा आवाज आला की ती आधीच दार उघडून ठेवायची. ती ओल्या हातांनी, अनवाणी खाली आली. बरीच जोरात आली, गुडघे दुखत असताना. गाडीकडे बघितलं, मग काचेतून आत माझ्याकडे. मी इंजिन बंद केलं. ती कठड्याला धरून परत वर गेली.

जेवताना तिने एवढंच विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

मी म्हटलं, "विसरलो."

त्या गुरुवारी तू जितक्या सहज म्हणालास, तितक्याच सहज तोंडातून निघालं. तिने मला भात वाढला.

गाडी काल गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही निघू. साताऱ्याचा पत्ता देत नाही. तू लिहिलंस तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि द्यायला माझ्याकडे काही नाही.

राग गेला, असं आजही लिहवत नाही. तेल मात्र बरोबर होतं.

प्रणवचे बाबा