काळ्या कपाटातल्या मथुरेचा भात

श्री.

शके १७१०, कीलकनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मुक्काम पुणे, कसबा पेठ. मी रखमाजी बिन बहिरोजी सुतार, देव्हारे करणारा, राहत्या घरी बसून हे सांगतो आणि अनंत कारकून लिहून घेतात. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. नसते तर माझ्या मुलाने मला केव्हाच गुंडाळले असते. कोणी दटावलेले नाही, आपखुशीने सांगतो.

घर, दुकान आणि हत्यारे मुलगा गेनबा याची, जरी त्याला पटाशीला धार लावायचाही कंटाळा असला तरी. माझा मोठा रंधा मात्र शेजारी मैनुद्दीन आत्तार यांना द्यावा. आत्ताराला रंधा कशाला, असे कोणी विचारील. त्यांनी माझी बायको मथुरा हिच्या शेवटच्या आजारपणात रोज गुलाबपाणी आणून दिले आणि ते कधी बोलून दाखवले नाही. पुण्यात असा माणूस विरळा.

श्यामसुंदर सोनाराला काहीही देऊ नये. देव्हाऱ्यात पितर म्हणून पुजायला त्याने घडवलेला मथुरेचा चांदीचा टाक त्यालाच परत करावा. नाक त्याच्या स्वतःच्या नाकासारखे काढले आहे.

आता काळे कपाट. सुरतेच्या एका व्यापाऱ्याने ते बिजागरी बसवायला माझ्याकडे टाकले आणि तो पुन्हा फिरकला नाही. वलंदेज टोपीकरांच्या जहाजातून, चीनच्याही पलीकडच्या बेटावरून आलेले. त्याने सांगितले ते असे: तिकडे घरोघरी असे कपाट असते. त्याला बुत्सुदान म्हणतात, म्हणजे बुद्धाचा ओटा. वर बुद्ध बसतो आणि त्याच्या पायाशी घरातली गेलेली माणसे, नावाच्या उभ्या पाट्या होऊन. पाटीला म्हणतात इहाई; या कपाटातही तशा काही होत्या. सकाळचा पहिला भात त्यांचा. नवराबायकोतले एक गेले की मागे राहिलेल्याचेही नाव कोरतात, पण अक्षरांत लाल भरतात. तोही गेला की लाल काढून टाकतात.

मथुरा हसली. "अहो, म्हणजे आपले टाकच की! पितरं ती पितरं. कुणाची का असेनात, आपल्या घरात उपाशी कशी ठेवायची?" तेव्हापासून ती रोज भात ठेवू लागली. भात हलायचा नाही, पण नंतर गाईपुढे टाकला तर गाय हुंगून तोंड फिरवायची, जणू त्यातला कस कोणी आधीच खाऊन गेले.

जाताना ती म्हणाली, "माझा टाक करू नका. मला त्यांच्यात बसवा. तिथं मला ओळखतात." गेनबा ऐकेना. भाऊबंद काय म्हणतील, म्हणून टाक करवून देव्हाऱ्यात बसवला. सकाळी तो पालथा पडलेला. सरळ केला, पुन्हा पालथा. आणि काळ्या कपाटात एक नवी पाटी उभी होती. मी जन्मभर लाकूड हाताळले. त्या पाटीवर ना करवतीची खूण, ना रंध्याची. अक्षरे वाचता येत नाहीत, पण तिला शिकेकाईचा वास येतो, मथुरेच्या केसांना यायचा तोच. मी पोटभर रडलो आणि भात लावला.

या दिवाळीत तिच्या शेजारी आणखी एक पाटी आली. तिची अक्षरे लाल आहेत. म्हणून मी वैद्याला बोलावत नाही. मरणाचे भय नाही. भय एकच: गेनबाने एका सरदाराचा दिवाणखाना सजवायला कपाट विकायचे ठरवले आहे. काल म्हणाला, "आबा, त्या फळकुटांना मी काही भात घालत बसणार नाही." अरे, त्यातले एक तुझी आई आहे! दिवाणखान्यात तिला कोण विचारणार?

म्हणून कपाट धायरीस दिलेली माझी मुलगी मैना हिला दिले. अट इतकीच की पहिला भात तिथे ठेवावा. गेनबाने हरकत घेतल्यास घरही मैनेचे. तरीही त्याने कपाट विकलेच, तर आधी आत नीट बघावे. आणखी एका पाटीपुरती जागा आहे.

मला लिहिता येत नाही, सबब पटाशीची निशाणी केली आहे.

साक्ष: मैनुद्दीन वल्द अय्युब आत्तार. महादू तांबट.

लिहिणाराची टीप: शाई सुकवायची वाळू झटकून कागद उचलला, तेव्हा पटाशीच्या निशाणीशेजारी एक उभी ओळ दिसली, लाल आणि ओली. ही लिपी मला येत नाही. माझ्या दौतीत काळी शाई आहे. मैनुद्दीन यांनी कपाट उघडून पाहिले. मथुरेशेजारच्या पाटीतला लाल रंग गेला होता. ओळ खोडू का, असे रखमाजींना विचारले.

"राहू द्या," ते म्हणाले. "मथुरेनं माझी सही केली. उद्या भात दोघांचा लावा."