कार्ल्यापासून वळवणपर्यंत

लोणावळा. मार्गशीर्षातला रविवार, दिवेलागण.

आज मोटार मी चालवली! मी! घाईत अक्षर वाकडं येतंय.

कार्ल्याजवळ गाडी बंद पडली. यांनी इंजिन सुरू करायचं पुढचं हँडल मारलं, ते उलटं फिरलं आणि मनगट सुजलं. मागे बाळू आणि छबी भुकेने रडायला लागलेली. "मी नेते," म्हणून गेले. मैदानावर चार वेळा शिकले होते, तेवढंच. हे शेजारच्या जागेवर सरकून बसले. शेतातून एक आबा आले. "बाई, तुमी हाकनार? मंग हँडल मी फिरवतो!"

सुटलो! दोन बैलगाड्या मागे टाकल्या. हे मुलांना सांगत होते, हे काळे डोंगर म्हणजे कधीकाळी जमिनीतून उसळलेला तापलेला रस. वळण आलं की मात्र बोलणं बंद. घाबरले होते का? मी तर होतेच.

मग वळवणचं तळं दिसलं. मुलं ओरडली, "आई, पाणी!" मी ब्रेक दाबला. गाडी नीट थांबली. हे हळूच म्हणाले, "छान चालवलीस."

सासूबाईंना कळलं तर? कळू दे.

उद्या खंडाळ्यापर्यंत मीच नेणार, असं आत्ताच यांना सांगून टाकलं. विचारलं नाही.