देवघरावरची खोली

४ जानेवारी, संध्येनंतर.
लवळ्याच्या विद्यापीठातून दूरध्वनी. मराठीच्या प्राध्यापिका इनामदार. माझ्या चारही कादंबऱ्यांवर प्रबंध लिहीत आहेत. विषय: सत्ता, राजकारण आणि वंशभेद. पुढच्या महिन्यात त्यावर जाहीर व्याख्यान. चारही वाचलेली व्यक्ती मला प्रथमच भेटली. सौ. शारदा दुसरीपाशीच थांबली. डोळे दुखतात म्हणाली.
बाईंना जागा हवी आहे. कासार आंबोलीची आमची वरची खोली तत्काळ देऊ केली. वाणी अत्यंत शुद्ध. देशस्थ इनामदार असाव्यात, बहुधा ऋग्वेदी. गोत्र विचारले नाही. मी त्यातला नव्हे.

५ जानेवारी.
शेजारच्या वाल्मीकरावांना सांगितले की एक विदुषी राहायला येत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न: “आडनाव काय म्हनायचं?” आपल्याकडे माणसाच्या आधी त्याचे आडनाव घरात येते. तिसऱ्या कादंबरीत या दुर्गुणावर मी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. आडनाव अभिमानाने सांगितले.

८ जानेवारी, सकाळी.
बाई आल्या. शिरीन इनामदार. वडील बाबालालशेट, पौडच्या बाजारात कापडाचे दुकान.
मला काहीही वाटले नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.
चहा घेताना बाईंनी माझा उतारा तोंडपाठ म्हटला. नायक परक्या पाहुण्यासाठी स्वहस्ते दार उघडतो, तो प्रसंग. माझे डोळे भरून आले. ते पुसताना लक्षात आले की वरची खोली बरोबर देवघरावर येते.
म्हणालो, वरचा नळ फार गळतो. (गळत नाही.) बाई म्हणाल्या, दुरुस्त करून घेईन. म्हणालो, आमच्याकडे सोवळे कडक. म्हणाल्या, मी कँटीनमध्येच जेवते. अखेर सात्त्विक कारण सुचले: समीक्षकाने लेखकाच्या छपराखाली वास करणे हे निःपक्षपातीपणास बाधक आहे.
बाई हसून म्हणाल्या, “खोल्या मला पुष्कळांनी नाकारल्या, सर. इतकं सुंदर वाक्य कुणी वापरलं नव्हतं.”
गद्यशैलीची जाण आहे बाईंना.

त्याच दिवशी, दुपारी.
शारदा बोलत नाही. मौनाचे माहात्म्य तिला मीच शिकविले होते.

१० जानेवारी.
वाल्मीकराव फाटकाशी: “पंत, त्या बाईस्नी आमच्यात ठिवून घेतलं बगा. बाबालालशेटच्या दुकानाशी नातं आमचं पिढ्यान्‌पिढ्याचं. तुमी का न्हाई म्हनला?” निःपक्षपातीपणा समजावून सांगितला. ऐकून म्हणाले, “म्हंजी तुमच्या बुकातलं दार बुकापुरतंच उघडतंय व्हय?”
ग्रामीण वाचकास रूपक कळत नाही.

२० जानेवारी.
खोली एका हिंजवडीच्या तरुणास दिली. नाव ओम. नावातच प्रणव असता अधिक चौकशी अनुचित.

२६ जानेवारी.
आज उपवास. पारायणास बसलो तो वरून तळलेल्या बोंबलांचा घमघमाट. ओमला विचारले. म्हणाला, “काका, तुम्ही रायटर ना? मला वाटलं, ओपन माइंडेड असाल.” शारदेचे मौन सुटले. “त्या बिचाऱ्या कँटीनमध्ये जेवणार होत्या,” म्हणाली.
निश्चय: ओमला खडसावायचे. उपवासाच्या दिवशी क्रोध वर्ज्य, सबब उद्या.

१२ फेब्रुवारी.
ओमला अद्याप खडसावले नाही. व्याख्यानानंतर माझा सत्कार होणारच; त्यास उत्तर म्हणून करावयाचे भाषण मात्र सिद्ध झाले. विषय: ‘माझी लेखणी आणि उपेक्षितांचा आवाज’. शाल इस्त्रीला दिली.

२७ फेब्रुवारी, दुपारी.
व्याख्यान झाले. सभागृह भरलेले, मी पहिल्या रांगेत. बाई उत्तम बोलल्या. निदान प्रारंभी. म्हणाल्या, हा लेखक सत्तेला निर्भयपणे प्रश्न विचारतो. त्याच्या प्रत्येक पुस्तकात परक्यासाठी दार उघडते. मी शाल सावरली. पुढे म्हणाल्या, दार उघडणारा पानेच्या पाने बोलतो. आत येणाऱ्याला चारही पुस्तकांत मिळून एकच वाक्य आहे: ‘आपले उपकार.’
हे खोटे आहे. घरी जाऊन पाहीन.
मग म्हणाल्या, “सरांचं एक अप्रकाशित वाक्यही माझ्यापाशी आहे,” आणि छपराचे ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविले. कोठे, केव्हा, कशासाठी, तेही सांगितले. हशा. प्रचंड टाळ्या. मी उठून सर्वांना नमस्कार केला. टाळ्या थांबल्या.
उत्तराचे भाषण वेळेअभावी राहिले.

२८ फेब्रुवारी.
चारही पुस्तके पाहिली. दुसरीत पाहुणा ‘फार फार आपले उपकार’ असेही म्हणतो. बाईंचे संशोधन अपुरे आहे.
पाचव्या कादंबरीचा संकल्प. तीत परका भरपूर बोलेल. पहाटे लेखनास बसलो. काय बोलेल, ते सुचेना.

१ मार्च, रविवार.
ओम खोलीला कुलूप लावून गोव्याला गेला आहे. वरचा नळ उघडाच. सकाळी देवघरात धार लागली. मागाहून छताचा गिलावा खाली आला. शारदेने देव ताम्हनात घेतले, ताम्हन माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “वाल्मीकरावांकडे चला. नळ गळतो म्हणाला होतात ना? गळला.”
देव डोक्यावर धरून, ओल्या सोवळ्यात वाल्मीकरावांच्या दारी उभा राहिलो. ते मळ्यात गेलेले. हाक कोणाला द्यावी, या विचारात होतो. एवढ्यात दार आतूनच उघडले. शिरीनबाई. ताम्हन पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पायातली चप्पल काढून बाजूला झाल्या. “या सर, आत या. माझी खोली कोरडी आहे. देवांना तिथेच ठेवा.”
निःपक्षपातीपणाविषयी एक प्रदीर्घ वाक्य मी वाटेत रचून ठेवले होते.
तोंडातून निघाले ते एवढेच: ‘आपले उपकार.’