चुकवून सांगायचा आकडा

३ नोव्हेंबर
अमरावतीत रुजू झाले! अकोल्याहून योगेशने गाडीत बसवून दिलं, तेव्हा त्याचाच चेहरा पडला होता. लग्नाला दोन वर्षं झाली, तो तिथे, मी कुठेतरी. तीन महिन्यांत इथे कायम झाले, की तो नोकरी सोडून इकडे येईल.
खोली रुख्मिणीनगरात. मालक जानराव आणि मैनाबाई. चहा देताना मैनाबाईंनी बजावलं, की बाई, इथं लाजाचं नाई, आन भाजी तिखट झाली म्हनून नाक उडवाचं नाई.
कंपनी छोटी आहे. शाळांच्या संगणकांसाठी प्रत्येक पॅकेज आम्ही मूळ कोडपासून स्वतः बांधतो, म्हणजे कंपाइल करतो. त्यासाठी चार मशीन आहेत, पॅकेजं तीनशे बारा. कुठलं किती वेळात बांधून होईल, याचा तक्ता करणं हे माझं काम. सोपं आहे.

७ नोव्हेंबर
सोपं नाही. एका छोट्या पॅकेजचा वेळ हे एक माप धरलं आणि बाकीची त्याच्या पटीत मांडली. पण काल एकवीस मिनिटांत झालेलं पॅकेज आज दीड तास चाललं. मेमरी कमी पडली, की शेवटच्या जोडणीला मशीन नुसतं घोटाळत बसतं. ब्राउझरला पाच तास लागतील म्हणाले, नऊ लागले.
आमचे साहेब, कुंदन सर, यांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, की मॅडम, मांडववाला बी टाइम सांगते, तुमी तं इंजिनिअर हाय.
तक्ता फाडून पुन्हा केला. पुन्हा चुकला.

१२ नोव्हेंबर
आज जानरावांपाशी रडगाणं गायलं. ते मोर्शीकडे व्यापाऱ्यांसाठी संत्र्याच्या बागा पाहायचे. बागेतून एक चक्कर मारून झाडावर किती फळ आहे ते सांगायचे. त्यांचं म्हणणं, मोजाचं नाई, नुसतं पाह्याचं. आकडा आपसूक येते. पण आला तसा सांगाचा नाई, थोडा चुकवून सांगाचा. का, म्हटलं. तर म्हणे, नेमका निघाला का पुढच्या साली बाग वाळते.
मी हसले. ते हसले नाहीत.

१४ नोव्हेंबर
आकडा आला! पॅकेजची फाइल उघडून नुसती पाहत बसले आणि डोळ्यांपुढे ४७ मिनिटं २० सेकंद. सांगून टाकलं. सत्तेचाळीस वीसलाच संपलं. कुंदन सर म्हणाले, उद्या हेच बेचाळीस मिनिटांत करून दाखवा.
ते मशीन संध्याकाळी सुरू होईना. उद्या दुरुस्तीवाला येईल.

१९ नोव्हेंबर
तीन मशीन गेली. प्रत्येक माझ्या आकड्यावर काम संपवून बंद पडलं ते कायमचं. दुरुस्तीवाला म्हणतो, बोर्डात जीवच उरला नाही. कुंदन सर म्हणतात, एसी तुम्हीच बंद केला असेल.
जानरावांचं ऐकून तिसऱ्याला मुद्दाम पन्नास मिनिटं सांगितली होती. मनात अडतीस आलं होतं. अडतिसाव्या मिनिटाला संपलं आणि गेलं. म्हणजे चुकीचं बोलून भागत नाही.
हे सांगितल्यावर जानराव म्हणाले, मनातला बी चुकवा लागते, पोरी. मले तीस वर्सं लागले शिकाले.
तीस वर्षं!

२२ नोव्हेंबर
मैनाबाईंनी विचारलं, टाकी भराले किती टाइम लागन. मी तोंड दाबून धरलं. चौदा मिनिटं, असं आलंच. चौदाव्या मिनिटाला टाकी भरली आणि मोटर जळली. मैनाबाई वीजवाल्यांना शिव्या देत होत्या.

२५ नोव्हेंबर
जानराव मेथी आणायला कोपऱ्यावर गेले. हा मानूस किती येळ लावते, म्हणून मैनाबाई करवादल्या. त्यांनी विचारायला नको होतं. अठरा. मी एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले, मोठ्याने, दोनदा. अठराच राहिले.
अठराव्या मिनिटाला ते आत आले. मेथी ओट्यावर ठेवली. खुर्चीत बसले.
पुन्हा उठले नाहीत.

२९ नोव्हेंबर
कायम झाले. तीन महिने लागणार होते, महिना पुरला. पत्र देताना कुंदन सर हसत होते, तक्ता पूर्ण झाला म्हणून. मी तो केलेला नाही. नावं वाचली आणि आकडे आले.
योगेशला कळवलं, येऊ नकोस. त्याला वाटलं रुसले. म्हणाला, दोन वर्सं काढले, आता काहून नको? राजीनामा देऊन बसलो. जानराव गेले, मैनाबाईलेही भेटाले आलं पायजे ना.
काय सांगू? काय सांगणार मी?

१ डिसेंबर, दुपारी २
योगेश मोटारसायकलवर निघाला. निघताना फोन केला. हसत विचारलं, तक्तेवाली बाई, सांग मंग, किती वाजता पोचतो?
मी फोन ठेवला. उशीर झाला होता. चार बारा.

३.०५
मूर्तिजापूरला चहाला थांबला. पाया पडते म्हटलं, पाच वाजेपर्यंत तिथेच बस. बरं म्हणाला. बरं म्हणाला!
आकडा बदलत नाही. चार बारा.

३.४०
फोन उचलत नाही. गाडी चालवत असेल. थांबला नाही म्हणजे —

४.०८
हॉर्न. तोच आहे.
दाराला कडी घातली, पलंग सरकवून आडवा लावला. तो आत आला तरच पोचला. बाहेर राहिला तर नाही पोचला. चार तेरापर्यंत, फक्त —

४.१०
हसतो आहे. थट्टा वाटते त्याला. दार वाजवतो आहे, प्राजक्ता, उघड ना वो.
ओरडून सांगितलं, पाच मिनिटं थांब. तो म्हणतो, तुहे पाच मिनिटं मले माहीत हायेत.

४.११
शांत झालं. गेला का?
मैनाबाईंचा आवाज. जावई दारात उभा ठेवते का कोनी, म्हणतात. इकडून या म्हणतात. माझ्या खोलीचं दुसरं दार त्यांच्या स्वयंपाकघरात — त्याला कडी त्यांच्या बाजूने आहे —
योगेश नको, तिथेच थांब, आत पाऊल —