सहावी थाळी

सोमवार, १० नोव्हेंबर

पाहुणे येईपर्यंत घर कोणाचं असतं? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. पण किल्ली माझ्याकडे आहे आणि आज मी फार खूश आहे. प्रकाशा गावच्या घाटावरचा हा तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट चंपालालशेठनी सुट्टीला येणाऱ्यांसाठी सजवला आहे. स्वयंपाक पाहुण्यांनी आपला आपण करायचा. गॅसची शेगडी, भांडी, मीठमसाला घरातलाच. देखरेख माझी, राहणंही इथेच. फळीवर सहा थाळ्या आहेत, पाच मोठ्या आणि एक लहान. खिडकीतून तापी दिसते. बंधाऱ्यामुळे पाणी इतकं पसरलंय की मी न पाहिलेला समुद्र असाच असावा, असं वाटलं.

बाहेरचं दार जुन्या सागवानाचं, आतून आडवा अडसर, वर कोरलेला मोर. लोकांना फोटो काढायला आवडेल म्हणून शेठनी ते कुठूनसं विकत आणलं.

आमच्या घरात मी पहिली बी.ए. गावी, ब्राह्मणपुरीत, माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत. अण्णांनी एक महिना दिलाय. टिकले तर नोकरी, नाही तर बोहला. मी टिकणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही. खाली घाटावरच्या देवळात माणसं येतात, दर्शन घेतात, निघून जातात. दुपारी एकटीच जेवायला बसले आणि सवयीने दाराकडे बघून म्हटलं, “या, जेवाले या.” आमच्याकडे कोणाला बोलावल्याशिवाय घास घेत नाहीत. मग माझं मलाच हसू आलं, आणि नंतर थोडं रडूही. अर्धी भाकरी उरली, ती झाकून ठेवली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

भाकरी नाही. ओट्यावर दोन थाळ्या पालथ्या, ओल्या. मी एकच वापरली होती. दोन्ही राखेने घासलेल्या, कडेला करडा ओघळ. या घरात गॅस आहे, राख कुठून आली? खालच्या मजल्यांचे जिने झाडणाऱ्या फुलीबाईला खाली जाऊन विचारलं. ती हसून म्हणाली, “मी झाडूवाली शे ताई, थाळीवाली नही.”

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तीन थाळ्या.

दुपारी मायचा फोन आला. बोलता बोलता तिने विचारलं, “तुन्ह्या संगे कोन शे? भाकरी कोन थापी ऱ्हायनं?” मी खिडकीत बसले होते, हात मांडीवर. मला काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारीण आहे, असं सांगितलं. मायला बरं वाटलं.

शेठना कळवलं. ते म्हणाले, बेटा, रिकामं घर वाजतंच, बी.ए. होऊन भुताला भ्यायचं तर मी दहावी नापास पोरगी नसती का ठेवली? रविवारी त्यांचा मुलगा रिषभ, सून किंजल आणि नात जिया येणार आहेत, घरातले पहिले पाहुणे. जिया सात वर्षांची आहे. लहान थाळी तिच्यासाठीच घेतलेली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चार.

फुलीबाईला वर बोलावलं. ती उंबऱ्यावरच थबकली. पदराने मोर पुसला आणि तिचा हात खाली येईना. तिने सांगितलं ते असं: हे दार नर्मदेकाठच्या बुडालेल्या गावातलं, तिच्या माहेरच्या शेजारचं. पाणी चढलं तेव्हा ते लोक संसार होडीत घालून निघाले. होडी उलटली. पाच जण गेले. सात वर्षांची पोर काठावर राहिली होती, उतरवलेल्या या दारापाशी राखण करत. नंतर दार विकलं गेलं. पोरीचं काय झालं, कोणी सांगत नाही.

मग तिने विचारलं, तू घरात कोणाला जेवायला बोलावलं नाहीस ना?

मी मंगळवारचं सांगितलं. ती झाडू तिथेच टाकून उतरली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पाच. जमिनीवर गोल मांडलेल्या, रिकाम्या. सहावी, लहान, मध्ये. तिच्यात भाकरी वाढलेली. गरम.

आणि हाक. खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलावतात तशी — हळू, लाडाने — पुन्हा पुन्हा. शब्द कळत नाहीत. कोणाला बोलावतायत ते कळतं.

बॅग घेऊन स्टँडवर गेले. शहाद्याची गाडी लागलेली. चढले, बसलेसुद्धा. उद्या जिया त्या दारातून आत —

उतरले. शेठ फोन उचलत नाहीत. रिषभला फोन लावला, तो हसला. किंजल म्हणाली, येऊ नका कसं सांगता ताई, जियाने कालच कपडे भरलेत.

रविवार, १६ नोव्हेंबर

हाक थांबत नाही. पोर मिळाल्याशिवाय ते उठणार नाहीत.

बोलावलं मी. जिया का —

खाली गाडीचा हॉर्न. घर कोणाचं, ते आता सांगता येतं.

किल्ली खिडकीतून पाण्यात टाकली. अडसर आतून लावला. मध्ये जाऊन बसले, लहान थाळी पुढ्यात ओढली —

जिन्यात जियाची पावलं. दार वाजतंय. “ताई, दार खोला ना!”

पहिला घास मी खाल्ला आहे. हाक थांबली. केसांवरून कोणाचा तरी हात — ओला —

माय, मी एकली नही —