डोमाजींच्या भिंतीवरचे पंजे

२ मार्च २०२५ च्या सकाळी वंदना घेऊन मी बैठकीच्या भिंतीवरचा निळा ऑइलपेंट खुरप्याने खरवडायला बसलो. दुपारी छातीत कळ आली. तेव्हा दवाखान्यातून परत आलो, म्हणून आज हे लिहून ठेवतो. मी, प्रीतम चंद्रभान तायडे, वय ४९, धंदा गवंडीकाम, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. राग आहे, पण त्याने बुद्धी फिरलेली नाही.

१. माझे आजोबा डोमाजी यांनी गावविहिरीच्या पाण्याच्या हक्कासाठी मोर्चा नेला आणि तुरुंगवास भोगला. निघण्यापूर्वी माणसे आमच्या बैठकीत जमली. मागे हटणार नाही याची सही म्हणून प्रत्येकाने गेरूत हात बुडवून भिंतीवर पंजा उमटवला. एकूण एक्केचाळीस. सर्वांत खालचा आजी दुर्गाबाईचा. करंगळीचे एक पेर नव्हते, त्यावरून ओळखू यायचा.

२. घर संरक्षित स्मारक व्हावे म्हणून मी अर्ज केला. पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहायला येणार हे कळताच धाकटा भाऊ धर्मेंद्र रंगाचे डबे घेऊन आला. म्हणाला, "दादा, साहेब येऊन राहिले. पाहुणा येते तं घर रंगवा लागते!" ही आपल्याकडची रीतच. मी गवंडी असून त्याची शिडी धरली आणि पंजे रंगाखाली गेले. हा दोष माझा. साहेबांनी निळी भिंत पाहून विचारले, "यात जुनं काय आहे?" धर्मेंद्र दारात उभा राहून हसत होता.

दवाखान्यात त्याने तब्येत विचारली नाही. म्हणाला, "तुह्या मागं घर माह्यंच ना, दादा? रोडवर चार दुकानं निंघतीन." माझी पत्नी ज्योत्स्ना म्हणाली, "भाऊजी, अगोदर माणूस तं मरू द्या!"

३. वाटणीत शेत धर्मेंद्रने मागून घेतले, घर माझ्याकडे आले. त्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. सर्वांचे मंगल होवो असे मी रोज म्हणतो. त्याच्या नावापाशी जीभ अडते. त्याने माझ्या प्रेताला खांदा देऊ नये.

४. बँकेतली शिल्लक ज्योत्स्नाची. थापी, गिलाव्याचा रंधा आणि ओळंबा मुलगी दीपमाला हिला. ती म्हणते, "बाबा, ओळंबा तेवढा द्या, थापी काय मी भाकरीले वापरू?" तरी तिन्ही घ्यावे.

५. सहा महिने खरवडून तेवीस पंजे परत मिळाले. आजीचा रंगाबरोबर निघून गेला. साहेब पुन्हा आले, चप्पल बाहेर काढून भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले, आणि प्रस्ताव मंजूर झाला.

६. घर कोणाला, हे धर्मेंद्र या कागदात शोधेल. ते येथे नाही. काल बाळापूरच्या निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवून घर मी स्मारकासाठी सरकारला दिले. आज सकाळी किल्ली सोपवली आणि आम्ही दोघे भाड्याच्या खोलीत आलो.

सही : प्रीतम चंद्रभान तायडे

समक्ष साक्षीदार :
१) महादेवराव किसन सिरसाट
२) ललिता आनंद इंगळे

स्थळ : बाळापूर, जि. अकोला
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५